ज्याची बोळवण राहिली होती

आमच्या बेटावरच्या चर्चमध्ये, घंटेच्या दोराशेजारी, एक चित्र टांगलेलं आहे. तोंड भिंतीकडे, पाठ आपल्याकडे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं ते एवढंच: खाऱ्या हवेनं तपकिरी पडलेलं कापड आणि चौफेर ठोकलेल्या लाकडाच्या पट्ट्या. त्यावर नाव नाही, गाव नाही, साल नाही. प्रार्थनेच्या वेळी पोरं चोरून तिकडे बघतात आणि आया त्यांच्या डोक्यावर टपली मारतात, "तिकडे काय आहे? समोर बघ."

ते समुद्रातून आलं. माझ्या पणजीच्या लहानपणी उत्तरेच्या खडकांवर एक जहाज फुटलं. कुठल्या देशाचं, कुठून कुठं निघालेलं, काही कळलं नाही. माणसं सगळी गेली. एकाचंही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही. शेवाळ गोळा करायला गेलेल्या बायकांना डांबर फासलेल्या कापडात गुंडाळलेली एक चौकट तेवढी सापडली. उलगडून बघतात तर आत एक माणूस. काळा डगला, पांढरी कॉलर, वय असेल तिशीचं. एका हातात हातमोजा घातलेला, दुसऱ्या हातातला काढून मुठीत धरलेला. मान जराशी वळलेली, दारातून कुणी हाक मारल्यासारखी. आता हा उठेल असं वाटतं, आणि तो उठत नाही.

तो कोण, त्याला रंगवलं कुणी, हे तेव्हा कळलं नाही आणि पुढेही नाही. एकदा मुख्य भूमीवरून एक जाणकार गृहस्थ आले. भिंग लावून दिवसभर बसले. जाताना पाद्रीबाबांना म्हणाले, "हात चांगला आहे. कुणाचा ते मात्र सांगता येत नाही." आणि टोपी घालून होडीत चढले.

ज्या हिवाळ्यात चित्र आलं, त्याच हिवाळ्यात रिवाल नावाचा आमचा एक दर्यावर्दी बुडाला. प्रेत मिळालं नाही. आता प्रेताशिवाय बोळवण करायची कशी? मेजावर पांढरी चादर अंथरली, तर तिच्यावर ठेवायचं काय? तेव्हा रिवालची बायको म्हणाली म्हणे, "माझा येत नसेल तर जो आलाय त्याला आणा."

तेव्हापासून ही रीत. समुद्रानं ज्याला ठेवून घेतलं, त्याच्या घरी चित्र एक दिवस राहायला येतं, सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत. बायका शिळ्या पावाच्या गरानं त्याचा चेहरा हलक्या हातानं पुसतात. मेजावर भिंतीला टेकवून ठेवतात, पुढ्यात मेणबत्ती आणि पवित्र पाण्यात बुडवलेली हिरवी डहाळी. त्या दिवशी त्याला गेलेल्याच्या नावानं हाक मारायची. प्रत्येकीनं गेलेल्याची एक खरी गोष्ट सांगायची. खरी असली म्हणजे झालं, चांगलीच पाहिजे असं नाही. शेवटी बुडालेल्या सगळ्यांची नावं गुंफलेलं गाणं, रिवालपासून आजच्यापर्यंत. मग चित्र परत भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. ते नाव त्याच्यावर राहतं. पुढचा कुणी येऊन उतरवेपर्यंत राहतं.

आणि प्रत्येक बाई सांगते, संध्याकाळ होईतो तो चेहरा आपल्या माणसाचा होतो.

हे गाणं माझ्या आईकडून माझ्याकडे आलं. तिच्या गळ्यात ते होतं, माझ्याही गळ्यात बसलं. किती जणींच्या घरी मी ते म्हटलं. चित्राच्या बाजूला उभी राहायचे, त्याच्याकडे बघायचे नाही. ज्यांचं दुःख आहे त्यांनी बघायचं.

*

गुल्वेनला मागणी मीच घातली होती. आमच्याकडे बाईच घालते. काळ्या पिठाचं धिरडं केलं, त्यात खारं लोणी गुंडाळलं आणि त्याच्या दारात गेले. आईबाप लहानपणीच गेलेले, त्याला वाढवलं त्याच्या धर्मबापानं, तुद्वाल आजोबांनी. आजोबा चर्चची घंटा वाजवायचे आणि जगावर चिडायचे. ते दारातून ओरडले, "आत घे रे तिला, नाहीतर धिरडं खाऊन टाक आणि घालव. वारा आत येतोय."

गुल्वेननं उभ्याउभ्याच खाल्लं. बोटं चाटली. म्हणाला, "मीठ कमी आहे."

"म्हणजे हो का नाही?"

"हो. पण मीठ कमी आहे."

असा तो. लग्नानंतरही माझ्या प्रत्येक धिरड्याला हेच म्हणाला. मग लांबच्या फेरीवर गेला, शिडांच्या मोठ्या जहाजावर. आमचे पुरुष जातातच. घर आणि बटाट्याची जमीन बायकांची, पाणी त्यांचं. जाऊन दोन वर्षं होत आली होती, तेव्हा ऑक्टोबरात एका दुपारी तुद्वाल आजोबांनी माझ्या खिडकीची काच बोटानं वाजवली.

आमच्याकडे तार बायकोकडे येत नाही. धर्मबापाकडे येते. आणि त्यानं बातमी सांगायची नसते. त्यानं एवढंच म्हणायचं असतं, जे आजोबा म्हणाले, "आझेनोर, तुझ्याकडे पाहुणा येतोय."

माझ्या हातात पिठाचं भांडं होतं. मी ते खाली ठेवलं नाही. म्हटलं, "कधी?"

"दक्षिणेच्या टोकाशी जहाजाचा पत्ता लागेना झालाय. कंपनीनं आशा सोडली." मग आजोबांचा आवाज फुटला आणि ते रागावून म्हणाले, "ते भांडं ठेव की खाली! कशाला धरून उभी आहेस?"

एरवी वर्षभर थांबतात. समुद्राला वेळ द्यायचा असतो, त्याचं मन बदलतं कधीकधी. पण मृतांचा दिवस तोंडावर आला होता. त्या संध्याकाळी प्रत्येक घर आपल्या गेलेल्यांसाठी मेजावर दूध आणि धिरडी ठेवून दार नुसतं लोटून घेतं. ज्याची बोळवण झाली नाही त्याच्यासाठी काही ठेवता येत नाही. तो त्या दिवशी दारोदार फिरतो आणि उपाशी जातो.

माझी शेजारीण बार्बा येऊन बसली. विधवा, एकुलत्या एका लेकाला, हेर्वेला, समुद्रावर धाडलेली, तोंडानं तिखट. म्हणाली, "थांबायचं तर थांब बाई. पण त्या दिवशी तो दाराशी आला तर? तू आत दूध पिणार आणि तो बाहेर ओला उभा राहणार. आवडेल तुला?"

नाही आवडलं. गुल्वेन उपाशी राहू नये म्हणून आम्ही घाई केली. एवढंच.

आजोबांनी चित्र काखेत धरून आणलं, त्याचं तोंड स्वतःच्या छातीकडे. पहिल्यांदा मी त्याच्याकडे समोरून बघितलं. आणि काय सांगू, मला गुल्वेनचा चेहरा आठवत नव्हता. तुकडे आठवत होते. कान, मानेवरचा तीळ, हसताना वर जाणारी एक भुवई. ते तुकडे जोडायला गेले की निसटत. दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. मेजावरचा चेहरा मात्र सबंध होता. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी. दिवसभर मी एकेक तुकडा उचलून त्या चेहऱ्यावर ठेवत गेले.

बायकांनी खऱ्या गोष्टी सांगितल्या. एक म्हणाली, त्यानं लहानपणी तिच्या अंगणातले खेकडे चोरले. बार्बा म्हणाली, त्याच्या पायाला वास यायचा. सगळ्या हसल्या आणि रडल्या. मी सांगितलं, त्याला मीठ कधी पुरलंच नाही. मग गाणं म्हणायला मीच उभी राहिले. दुसरं होतं कोण?

लाटेमागं लाट बाई
चालली गं ओळीनं
रिवालला नेलं तिनं
आल्यापावली

आणि असं एकेक नाव घेत शेवटी मी गुल्वेनचं नाव ओवलं. तेव्हा संध्याकाळच्या घंटेला सुरुवात झाली आणि मी चित्राकडे पाहिलं. गुल्वेन बसला होता. एक हातमोजा काढून, दाराकडे मान वळवून. माझा गुल्वेन.

मृतांच्या दिवशी मी मेजावर दूध ठेवलं, दार लोटून घेतलं आणि झोपले. सकाळी वाडगा रिकामा होता. तळाला एक थेंबही नव्हता. आमच्याकडे मांजर नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, पोचलं त्याला.

*

ईस्टरच्या आधीचे उपास सुरू झाले होते. मी बटाट्याच्या वाफ्यात खणत होते. दगडी बांधापलीकडे एक माणूस येऊन थांबला. टपालाच्या होडीनं आलेला दिसत होता. खांद्यावर पिशवी, गाल बसलेले, दाढी वाढलेली.

"आझेनोर," तो म्हणाला.

मी कंबर सरळ केली. "कोण पाहिजे?"

तो हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. "थट्टा करतेस?"

आवाज ओळखीचा होता. मानेवर तीळ होता. पण चेहरा? तो चेहरा त्याचा नव्हता. गुल्वेनचं कपाळ रुंद होतं, याचं नाही. गुल्वेनचे डोळे काळे होते, याचे करडे. मी इतक्या खात्रीनं उभी होते तिथं, हातात फावडं धरून.

तो गुल्वेनच होता. जहाज बुडालं तेव्हा एका नॉर्वेच्या जहाजानं त्याला उचललं, चिलीच्या एका बंदरात उतरवलं. तिथं तो महिनोन् महिने तापात पडून होता. मग दुसऱ्या जहाजावर काम करत करत परतला. लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं होतं, ते त्याच्या मागाहून पोचलं. टपालवाला ते दाराशी धरून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, मेलेल्याचं पत्र आलंय. देऊ का परत पाठवू?" गुल्वेन आतून ओरडला, "दे इकडे! बघू तरी मी काय म्हणतोय." त्या दिवशी तो शेवटचं मनापासून हसला.

कारण तो मेला नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याचं नाव त्याच्याकडे नव्हतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नाव चित्रावर होतं. एका नावाला दोघं उत्तर देऊ लागले तर समुद्र एकाला मागून घेतो. म्हणून त्याला कुणी हाक मारीना. "अहो," "ऐकलं का," "आझेनोरचे पाहुणे." दारूच्या गुत्त्यात तो गेला की एखादा म्हणायचा, "मेणबत्ती सांभाळा रे, विझेल." हसायचे सगळे. पण खेकड्यांच्या होडीत त्याला कुणी घेईना. ज्याची बोळवण झालीय त्याला पाण्यावर कोण नेणार? तुद्वाल आजोबा, ज्यांनी त्याला मांडीवर वाढवलं, तेही त्याच्याकडे बघून नुसते खाकरायचे. त्याला भाकरी द्यायचे, मिठी द्यायचे, नाव देत नव्हते.

आणि मी? मी तोंड उघडायचे. 'गु' ओठावर यायचा आणि डोळ्यांपुढे तो दुसरा उभा राहायचा, काळ्या डगल्यातला.

एकदा बार्बा थट्टेत म्हणाली, "काय हो पाहुणे, मृतांच्या दिवशी दूध तर चाटूनपुसून प्यालात, आणि म्हणे जिवंत!"

"कसलं दूध? मी तेव्हा चिलीत खाटेवर पडलो होतो," गुल्वेन म्हणाला.

"मग प्यालं कोण?"

बार्बानं छातीवर क्रूस केला आणि शाल घट्ट ओढली.

एका संध्याकाळी मी सरपणासाठी वाळवलेली गवतमुळांच्या मातीची ढेकळं घेऊन आत आले. धुकं होतं, दीपगृहाचा भोंगा वाजत होता, घरात दिवा लावलेला नव्हता. गुल्वेन खिडकीशी बसला होता. एका हातात लोकरी हातमोजा, दुसऱ्या हातातला काढून मुठीत धरलेला. मान दाराकडे जराशी वळलेली.

माझ्या हातातली ढेकळं खाली पडली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"असा का बसलास?"

"कसा?"

त्याला माहीतच नव्हतं. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो हळू बोलला.

"आझेनोर, मी काल चर्चमध्ये गेलो होतो. त्याला उलटा करून पाहिला. मला वाटलं मी आरशात बघतोय. आणि मग इकडे आलो, तर घागरीतल्या पाण्यात दिसलेला माणूस कोण ते मला कळेना." त्यानं मोजा खिशात कोंबला. "हे असं नाही चालायचं. ईस्टरनंतर मोठ्या जहाजावर भरती आहे. तिथं माझं नाव विचारतील, मी सांगेन, ते लिहून घेतील. त्यांना ठाऊक नाही ते माझं राहिलेलं नाही. इथं तुमच्यातलं कुणी मला नावानं हाक मारतं का, ते बघत मी थांबतो. ईस्टरपर्यंत. नाहीतर मी जातो, आणि परत येत नाही. परत यायला मी कुणी असायला हवा ना?"

"मी मारते हाक," मी म्हटलं.

"मार."

मी उभी राहिले. तो वाट बघत राहिला. मग उठून तो ढेकळं गोळा करायला लागला.

*

नाव उतरायचा एकच रस्ता होता. पुढचा कुणीतरी जायला हवा होता.

मी रोज सकाळी बांधावर उभी राहून पाणी बघायचे. पूर्वीही बघायचे. पण आता बायका माझ्याकडे बघायच्या. कुणाचा नवरा बाहेर होता, कुणाचा भाऊ. माझ्या वाटेवरून चालणं त्यांनी सोडलं. बार्बानं एक दिवस मला विहिरीवर गाठलं.

"माझ्या हेर्वेच्या वाटेकडे बघू नकोस तू."

"मी नाही बघत, बार्बाताई."

"बघतेस. तुला कुणीतरी मेलेला हवाय. तुझ्या जागी मी असते तर मलाही हवा असता, म्हणून तर मला कळतं." तिनं घागर कमरेवर घेतली. "माझ्याकडे एकच आहे गं. दुसऱ्या कुणाचं दार बघ."

ती निघाली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. काळी पाठ, वाऱ्यानं फुगलेली शाल. आणि माझ्या मनात ती दुसरी पाठ आली, तपकिरी कापडाची, घंटेच्या दोराशेजारची. किती वर्षं आम्ही त्याला फक्त पाठमोरा बघितला होता. तो रिवाल झाला, माझा काका झाला, गुल्वेन झाला. मेजावर बसायला बोलावलं, दुसऱ्याच्या नावानं रडून घेतलं आणि पुन्हा भिंतीकडे उभा केला. त्या फुटलेल्या जहाजातून आला तो एकटा. त्याच्यासाठी कुणी चादर अंथरली?

मृतांच्या दिवशी दारोदार फिरणारा तो कोण, हे मला तेव्हा विहिरीवर कळलं.

"बार्बाताई!" मी हाक मारली. "दूध कुणी प्यालं ते सांगू?"

ती थांबली.

*

तुद्वाल आजोबा ऐकेनात. "बिननावाची बोळवण? असं कुठं असतं? घंटा कुणासाठी वाजवू? कुणी विचारलं तर काय सांगू, एका चौकटीसाठी?"

"तुम्हीच त्याला छातीशी धरून नेता आजोबा," मी म्हटलं. "तुमच्याइतकं त्याला कुणी धरलेलं नाही."

"ते काम आहे माझं. प्रेम नाही."

बार्बा पुढे झाली. "हे बघा तुद्वालदादा. त्या चित्रावर पुढचं नाव कुणाचं लागणार हे मला माहीत नाही, पण पाण्यावर माझा पोर आहे. नाव उतरवायला जो आधीच मेलाय तो मिळत असेल तर तोच घ्या. आणि रागवायचं असेल तर चित्र आणता आणता रागवा. दोन्ही कामं होतील."

आजोबा खाकरले. मग शिडी घ्यायला गेले.

पवित्र शुक्रवारच्या आधीचा दिवस होता. माझ्याच घरी आणलं त्याला. मी शिळ्या पावाचा गर घेतला आणि पहिल्यांदाच त्याला त्याचा म्हणून पुसू लागले. कपाळ रुंद होतं. डोळे काळे होते. त्यावर मी ठेवलेले सगळे तुकडे मी एकेक करून उचलत गेले. तीळ नव्हताच त्याच्या मानेवर. हसताना वर जाणारी भुवई नव्हती. तो हसतही नव्हता.

बायका भिंतीला टेकून बसल्या. गुल्वेन दाराशी उभा. प्रत्येकीनं एक खरी गोष्ट सांगायची, पण खरं सांगणार काय? कुणाला काही ठाऊक नव्हतं. मेणबत्तीचं मेण ओघळत राहिलं. शेवटी बार्बा उठली, मेजापाशी वाकली आणि डोळे बारीक करून म्हणाली,

"याच्या डगल्याचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलंय."

आम्ही सगळ्या वाकलो. खरंच, बाकीची बटणं काळ्या दोऱ्याची, ते एक तपकिरी. घाईत कुणीतरी शिवून दिलेलं.

"याला रंगवणाऱ्यानं ते बघितलं," दुसरी म्हणाली. "लपवलं नाही. माझ्या नवऱ्यानं लपवलं असतं."

"कानाची पाळी लाल आहे. थंडी होती त्या खोलीत."

"रंगवणाऱ्याच्या घरी सरपण नसेल."

"का याच्याच घरी?"

"बसून बसून कंटाळलाय. पण उठत नाही. रंगवणारा त्याचा कुणीतरी आहे, त्याला दुखवायचं नाहीय."

गुल्वेन दारातून बोलला. मेजाजवळ आला नाही, तिथूनच. "उजेड त्याच्या हनुवटीवर खालून येतोय. पाण्यावरून आलेला उजेड आहे तो. खिडकीबाहेर समुद्र होता. आणि त्यानं मोजा घालायला घेतला नाहीय, काढलाय. तो कुठं निघालेला नाही. आत्ताच आलाय."

मी चित्राकडे बघितलं. आयुष्यभर आम्हाला वाटलं होतं की तो उठेल आणि जाईल. तो तर घरी पोचलेला होता. कुणाच्या तरी घरी, ज्याचं दार त्यानं ओळखलं होतं.

मी उभी राहिले. रिवालच्या आधी एक जागा रिकामी होती, गाण्याच्या अगदी तोंडाशी. आईनं मला तिथूनच सुरुवात करायला शिकवली होती आणि ती जागा रिकामी आहे हे तिलाही दिसलं नसेल.

नाव नाही गाव नाही
याला कुणी माय होती
बटणाला दोरा होती
ओवणारी

रंगवणाऱ्या हाताला
ओळखीची कानपाळी
त्याचं नाव समुद्राजवळी
त्यानंच घ्यावं

मग रिवाल, मग बाकीचे सगळे. गुल्वेनच्या नावापाशी आले आणि थांबले. ते म्हटलं नाही. घंटा वाजायला लागली. गावातली माणसं दारात आली, विचारू लागली कुणाचं, आणि कुणाला उत्तर देता येईना.

घंटा वाजवून आल्यावर आजोबांनी चित्र काखेत घेतलं, छातीकडे तोंड करून. आम्ही मागोमाग चर्चमध्ये गेलो. ते शिडीवर चढले. एका हातात चित्र, दुसऱ्या हातानं खिळा चाचपताना शिडी डुगडुगली.

"अरे गुल्वेन! उभा काय राहिलास? शिडी धर की! मला पाडतोस का?"

सगळे जागच्या जागी थिजले. आजोबाही. त्यांचा हात खिळ्यावर तसाच राहिला. आम्ही चित्राकडे बघत होतो, हलतं का, वळतं का. बाहेर पाणी खडकांवर आपटत होतं, रोजच्यासारखं.

गुल्वेननं पुढे होऊन शिडी धरली. "धरलीय, आजोबा."

"नीट धर," तुद्वाल आजोबा म्हणाले, आणि खाली उतरल्यावर भिंतीला टेकून खूप वेळ नाक शिंकरत राहिले.

घरी आल्यावर मी धिरडं केलं. त्यानं उभ्याउभ्याच खाल्लं, बोटं चाटली.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"जे बोलतोस ते. गुल्वेन, बोल ना रे."

त्यानं वर पाहिलं. करडे डोळे, बसलेले गाल. कपाळ अजिबात रुंद नव्हतं. माझ्या नवऱ्याचं कपाळ कधीच रुंद नव्हतं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

*

तो ईस्टरनंतर गेला नाही. खेकड्यांच्या होडीवर जायला लागला, आणि आता म्हातारा होऊन खिडकीशी बसतो. हातमोजे दोन्ही काढून बसतो, ही त्याची सवय.

पण एक गोष्ट सांगायची राहिली.

काही वर्षांनी बार्बाचा हेर्वे गेला. प्रेत आलं नाही. तुद्वाल आजोबा तोवर मातीत गेले होते. घंटा वाजवायचं आणि चित्र आणायचं काम गुल्वेनकडे आलं होतं. बार्बानं स्वतः पावाचा गर घेतला, स्वतः पुसला. सकाळपासून ती त्याच्यासमोर बसून होती. आम्ही खऱ्या गोष्टी सांगितल्या, ती मान हलवत राहिली. दुपार झाली, दुपार उतरली.

संध्याकाळी ती म्हणाली, "हा होत नाहीय."

"थांब ताई. घंटेपर्यंत थांब."

"नाही होणार. बटण दिसतंय मला. कान दिसतोय." तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. "हा हेर्वे नाही, आझेनोर. कुणाचाच होणार नाही आता. हा त्याचा तो आहे."

गुल्वेन पुढे झाला आणि चित्र उचलू लागला.

"कुठं नेतोस?"

"परत, बार्बाताई. याचा उपयोग नाही ना..."

"ठेव खाली. घंटेच्या आधी कुणी घरातून पाहुणा उठवतं का?" तिनं डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं. मग तिनं मेजाशेजारची खुर्ची ओढली, आमच्या रांगेत. "इथं बसव त्याला. आपल्यात. त्याचंही तिकडे कुणी राहिलेलं नाही."

मेजावर पांढरी चादर रिकामीच राहिली. बार्बानं तिच्यावर हेर्वेची लोकरी टोपी ठेवली, हातानं सारखी केली.

तेव्हापासून तसंच आहे. समुद्रानं कुणाला ठेवून घेतलं की त्या घरी चादरीवर गेलेल्याची टोपी असते, मोजा असतो, कधी काहीच नसतं. आणि बायकांच्या रांगेत, खुर्चीवर, काळ्या डगल्यातला तो बसतो. मृतांच्या दिवशी प्रत्येक घरात एक वाडगा जास्तीचा असतो. सकाळी बघायला मी जात नाही. बोळवणीच्या घरी घंटा होईपर्यंत आम्ही बसून असतो. तो दाराकडे बघतो. आम्हीही बघतो.